चिंचिलाचं दावं

धंद्याला बसलेल्या बाईनं गिऱ्हाईक परत पाठवायचं नसतं, एवढी अक्कल मला होती. तरी दहिवलीच्या माझ्या दुकानातून मी कितीतरी माणसं हात हलवत परत पाठवली. कोंबडीचं खाद्य मागायला आलेल्याला नाही, मासे न्यायला आलेल्यालाही नाही. पण कुणी चिंचिलाचं पिल्लू मागितलं की माझा चेहरा बदलायचा. आधी प्रश्न, मग आणखी प्रश्न, आणि शेवटी, ‘तुम्ही ससा का नाही पाळत?’ माझे यजमान म्हणायचे, मुलगी द्यायची असती तरी तू एवढी चौकशी केली नसतीस. खरं होतं ते. मुलीच्या सासरी निदान फोन करून विचारता येतं.

चिंचिला म्हणजे काय, हे आमच्या भागात अजूनही सांगावं लागतं. मुठीएवढं पिल्लू, मोठं झालं की दोन ओंजळी भरतील एवढं. कान सशाहून आखूड आणि गोल, शेपूट खारीची. दूर दक्षिण अमेरिकेतल्या थंड, कोरड्या डोंगरांतलं हे जनावर. अंगावर केस इतके दाट की पिसू शिरायला जागा नाही. आणि असल्या जनावराला माणसं पाळणार कुठे, तर कर्जतच्या मे महिन्यात, जिथे दुपारी अंगणातली फरशी पायाला चटका देते. पंचवीस अंशांच्या वर पारा गेला की चिंचिला कासावीस होतं, तिसाला जीव जातो. पावसाळ्याची दमट हवा तर त्याहून वाईट, केसांच्या मुळाशी बुरशी धरते.

माझ्याकडे ती आली ती अपघातानं. फार्महाऊसवर राहणारं एक जोडपं परदेशी निघालं आणि जाता जाता चिंचिलाची जोडी, पिंजरा, एसीसकट माझ्या पदरात टाकून गेलं. ‘तुमचं दुकान आहेच,’ असं म्हणाले. जणू दुकान असलं की सगळं येतं. मी वाचलं, मुंबईच्या एका डॉक्टरांना फोन करकरून त्यांना जेरीस आणलं, आणि हळूहळू शिकले. मागची खोली थंड ठेवली, इन्व्हर्टर बसवला. पहिलं बाळंतपण झालं तेव्हा मी रात्रीची डबा घेऊन तिथेच बसले होते. पिल्लं डोळे उघडे घेऊन, अंगभर केस घेऊन जन्मतात. थोड्या वेळानं उड्याच मारायला लागतात.

या धंद्यात पिल्लू सहा आठवड्यांचं झालं की विकून मोकळे होणारे पुष्कळ. लहान असलं की गोजिरं दिसतं, लवकर खपतं. मी तीन महिन्यांच्या आत एकही पिल्लू दिलं नाही. दोन महिने आईजवळ, मग महिनाभर भावंडांसोबत, नर-मादी वेगळे करून. गिऱ्हाईकानं दोनदा यायचं. एकदा बघायला, आईसकट. पिल्लू खाताना बघायचं, त्याची लेंडी बघायची, दात बघायचे. निरोगी चिंचिलाचे दात पिवळेधम्मक असतात. पांढरे असले तर काहीतरी बिघडलंय. एका बाईंनी नाक मुरडून विचारलं होतं, ‘याला ब्रश नाही करत का?’ मी म्हटलं, ‘तुम्ही करा, आणि बोटं मोजून घ्या.’

आणि सगळ्यात वरचा नियम म्हणजे वही. पिल्लू ठेवणार त्या खोलीत थर्मामीटर लावायचा, महिनाभर सकाळ-संध्याकाळ पारा बघून वहीत लिहायचा, आणि ती वही घेऊन दुसऱ्यांदा यायचं. वही नाही तर पिल्लू नाही. निम्मी माणसं वहीचं नाव काढताच पळायची. तेच हवं होतं मला. एका रिसॉर्टवाल्याला उद्घाटनासाठी काचेच्या पेटीत जोडी ठेवायची होती. वहीचं सांगितल्यावर तो म्हणाला, ‘मॅडम, शाळा काढलीय का?’ मी म्हटलं, हो, आणि तुम्ही नापास.

नियम करूनही माणसं करायचं ते करतच. चिंचिला पाण्यानं अंघोळ करत नाही, बारीक खास मातीत लोळतं. ती माती महाग म्हणून एकानं पितळेच्या परातीत रांगोळी ओतली. पिल्लाचे डोळे आठवडाभर लाल. दुसऱ्या एका घरात नरक चतुर्दशीला सगळ्यांना उटणं लावलं, मग त्यालाच का ठेवायचं म्हणून त्यालाही लावलं, गरम पाण्यानं न्हाऊ घातलं आणि ओवाळलं. प्रेमानंच केलं हो. चार दिवसांत पिल्लू गेलं. एका बंगल्यावर मालक मुंबईला गेल्यावर राखणदारानं विजेची बचत म्हणून एसी बंद केला. तेही गेलं. दोन्ही वेळा चूक गिऱ्हाईकाची होती, आणि मी तोंड भरून बोलले. आपण बरोबर आणि समोरचा चूक, याची सवय माणसाला फार लवकर लागते.

आता दाव्याची गोष्ट सांगते.

माझं सासर कर्जतच्या पलीकडचं, भाताची शेती आणि दारात गाईगुरं. लग्नानंतर पहिल्यांदा घरची कालवड विकली तेव्हा मी तिला दाव्यासकट घेणाऱ्याच्या हातात दिली. सासूबाई ओट्यावरून उतरून आल्या आणि माझ्या हातातून दावं सोडवून घेतलं. ‘जनावर द्यावं, दावं नाय द्यायचं गं. दाव्यासंगं घरची लक्ष्मी जाते,’ असं म्हणाल्या. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणलं होतंच, त्यालाही हे ठाऊक होतं. आमच्याकडे सगळेच तसं करतात.

चिंचिलाला दावं नसतं. पण प्रत्येक पिल्लाचं एक लाकडी खोकं असे, ते झोपायचं ते. कोपरे कुरतडलेले, आत त्याचं गवत, त्याचा वास. पहिलं पिल्लू विकलं तेव्हा मी ते खोकं ठेवून घेतलं. मनात सासूबाईंचं वाक्य होतं, आणि खरं सांगायचं तर दुकान नुकतं चालायला लागलं होतं, लक्ष्मी जाऊ द्यायची नव्हती. मग तीच पद्धत पडली. गिऱ्हाईकाला मी सगळं कोरं द्यायची. नवं खोकं, नवं गवत, सीलबंद पिशवीतलं नवं खाणं. जुनं काहीच नाही. माणसं खूश व्हायची, मलाही आपण किती टापटिपीनं धंदा करतो असं वाटायचं. जुनी खोकी माळ्यावर ओळीनं मांडलेली होती.

केतकी तिच्या वडलांसोबत आली तेव्हा अकरा वर्षांची होती. वडील दत्ताराम, खोपोलीच्या शिळफाट्याजवळ राहणारे, एका कारखान्यात सुपरवायझर. गावाकडे भावांसोबत थोडी भातशेती. मुलीनं दोन वर्षं हट्ट धरला होता आणि त्यांनी हॉलमध्ये नवा एसी बसवून घेतला होता. मी माझी सगळी प्रश्नावली काढली. उत्तरं वडलांऐवजी मुलगीच देत होती. धुळीची अंघोळ, गवत, दात, सगळं तिनं वाचलं होतं. वहीचं सांगितलं तर म्हणाली, ‘दोनदा लिहू का तीनदा?’

महिन्यानं ती वही घेऊन आली. चौकटी आखलेली, पहिल्या पानावर नाव-पत्ता. सकाळी तेवीस, संध्याकाळी चोवीस. मधे एका दिवशी सत्तावीस, आणि पुढे लिहिलेलं, ‘लाईट गेली होती. पिंजऱ्यात बर्फाची बाटली ठेवली.’ पिंजरा तेव्हा रिकामाच होता. मी हसून विचारलं, रिकाम्या पिंजऱ्यात बर्फ कशाला? ती म्हणाली, सवय व्हावी म्हणून. इतकं चांगलं गिऱ्हाईक मला त्याआधी मिळालं नव्हतं आणि नंतरही नाही. मी तिला राखाडी रंगाचा एक नर दिला, साडेतीन महिन्यांचा, चपळ, खादाड. नव्या खोक्यात, नव्या गवतावर. खाण्याची पिशवी सीलबंद.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, की तो खात नाही, कोपऱ्यात बसून आहे. मी म्हटलं, नवी जागा आहे, घाबरलाय, हात लावू नकोस, खाईल. तिसऱ्या दिवशी परत फोन. दुकानात गर्दी होती, मी तेच सांगितलं. आता मला ठाऊक आहे की चिंचिलानं एक दिवस खाल्लं नाही तरी त्याचं आतडं थांबतं, आणि एकदा थांबलं की सुरू करणं फार अवघड. तेव्हाही ठाऊक होतं. पण ते दुसऱ्यांच्या पिल्लांना लागू होतं, माझं पिल्लू निरोगी होतं ना.

पाचव्या दिवशी बापलेक दुकानात आले. बुटांच्या खोक्यात पिल्लू होतं. दत्ताराम नुसतं म्हणाले, ‘ताई, हे गेलं.’ भांडायला आले नव्हते. काय चुकलं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. केतकीनं वहीसुद्धा आणली होती, पुढचे पाच दिवसही तिनं लिहिले होते.

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. माझ्याकडचं पिल्लू पाच दिवसांत मेलं, हे त्यांच्यासमोर आलं होतं. मी वही उघडली, पानं चाळली आणि त्या पोरीला म्हटलं, ‘खोलीत चोवीस असतं तर हे मेलं नसतं. वही बसल्या जागी भरलीस ना गं?’

‘नाय काकू. मी बघून लिहिलंय.’

‘मग हे कशानं मेलं?’

तिला काय सांगता येणार? मलाच माहीत नव्हतं. दत्तारामांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाले, ‘केतकी, ताईंना अनुभव हाय. त्या उगाच कशाला बोलतील?’ तिचे दोन फोन आले होते, हे मी बोलले नाही. तीही बोलली नाही. पिल्लाचं खोकं उचलून ते गेले आणि वही माझ्या काउंटरवर राहिली.

त्यानंतर दोन वर्षांनी कोंडाण्याच्या वाटेवरच्या एका बंगल्यातलं जोडपं तीन दिवसांपूर्वी नेलेलं पिल्लू घेऊन आलं. घरात आजारपण निघालं होतं, आठवडाभर सांभाळाल का म्हणाले. पिल्लू मलूल होतं. खाल्लेलं दिसत नव्हतं, लेंडी मोहरीएवढी. माझ्याकडे नवी खोकी संपली होती म्हणून माळ्यावरून त्याचंच जुनं खोकं काढलं. आतलं गवतही तसंच होतं. पिल्लानं हुंगलं, आत शिरलं, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि बसलं. मी हिशेबाला बसले होते तेवढ्यात कुरतडण्याचा आवाज आला. ते जुनं गवत खात होतं.

मी त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, अहो, हे तर पहिलं शिकवतात. पिल्लाबरोबर त्याचं जुनं अंथरूण द्यायचं, त्याच्या वासाचं काहीतरी द्यायचं, जुनंच खाणं दहा दिवस द्यायचं, नवं त्यात थोडं थोडं मिसळायचं. एकदम सगळं बदललं की घाबरून खाणं सोडतात. ‘तुम्ही इतकी वर्षं कसं करत होता?’ असं त्यांनी विचारलं. मी दाव्याचं सांगितलं नाही. रेंज नाही म्हणून फोन ठेवून दिला.

गाईचं वेगळं असतं. गवत इथलं काय आणि पलीकडच्या गावचं काय, गाय दोन दिवस हंबरते आणि मग चरायला लागते. सासूबाईंनी गाईबद्दल सांगितलं होतं, आणि त्या तेव्हा हयातही नव्हत्या. त्यांच्यावर ढकलणं सोपं होतं, पण चिंचिलाला दावं लावलं ते मीच.

पुढे मी प्रत्येक पिल्लाला त्याचं खोकं, गवत आणि उघड्या पिशवीतलं निम्मं खाणं बांधून देऊ लागले. त्यानंतर नव्या घरी पहिल्या आठवड्यात एकही पिल्लू दगावलं नाही. म्हणजे शंकेला जागाच उरली नाही. केतकीची वही खरी होती. खोटी भरणाऱ्या पोरीनं सत्तावीस कशाला लिहिले असते? सगळेच तेवीस-चोवीस लिहून मोकळी झाली असती. एवढं साधं मला काउंटरवर उभं असताना दिसलं नव्हतं.

आणि तरीही मी तिच्याकडे गेले नाही. घर माहीत नाही, असं मी स्वतःला सांगायची. पत्ता वहीच्या पहिल्या पानावर होता आणि वही माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मग म्हणायची, लहान पोर, विसरली असेल. मग म्हणायची, दुकानाचं नाव आहे, लोक काय म्हणतील. अशी पाच वर्षं गेली. दरम्यान गुडघ्यांनी साथ सोडली, जोडी म्हातारी झाली, शेवटची पिल्लं चांगल्या घरी गेली आणि गेल्या वर्षी मी दुकान बंद केलं.

यंदा उन्हाळ्यात खोपोलीला बहिणीकडे गेले होते. शिळफाट्याच्या बाजारात भाजी घेताना दत्तारामांनी मला ओळखलं. सोबत केतकी होती, उंच झालेली, चष्मा लागलेली. मी विचारलं, काय करते आता? दत्ताराम हसत म्हणाले, ‘बारावी झाली. पंच्याऐंशी टक्के सांगते. पण आमी म्हटलं, आधी कागद दाखव, त्या वहीसारखं नसलं म्हंजे झालं.’ आणि माझ्याकडे बघून परत हसले, जसं काही ही आम्हा दोघांची जुनी गंमत होती. केतकी वांगी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. तिला हे रोजचं असावं, इतक्या सवयीनं ती वांगी निवडत होती.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सात वर्षं त्या घरात तिचं प्रत्येक बोलणं त्या वहीवर घासून बघितलं जात होतं, आणि वही खोटी असं म्हणणारी मी होते. दत्ताराम माणूस वाईट नाही. त्यानं फक्त जाणकार बाईचा शब्द प्रमाण मानला.

पुढच्याच रविवारी मी त्यांच्या घरी गेले. वही नेली. बापलेकींना समोर बसवून सांगितलं की पिल्लू गरमीनं मेलं नाही, माझ्या चुकीनं मेलं. खोक्याचं, गवताचं, सगळं सांगितलं. तिनं दोनदा फोन केला होता आणि मी लक्ष दिलं नाही, हेही सांगितलं. ही वही पहिल्यापासून शेवटपर्यंत खरी आहे, असं म्हणून मी ती दत्तारामांच्या पुढ्यात ठेवली.

दत्तारामांनी वहीची पानं उलटली. मग मुलीला म्हणाले, ‘पण तू तर कबूल केलं होतंस. मी बसून लिहिलं, असं तूच सांगितलंस ना मला?’

‘हो.’

‘मग ते?’

केतकी शांतपणे म्हणाली, ‘मी खरं सांगेपर्यंत तुमी जेवणार नाय म्हणाला होता, पप्पा. दोन दिवस जेवला नव्हता. मी खोटं लिहिलं म्हटल्यावर जेवलात.’

दत्ताराम उठून आत गेले. आतून नळाचा आवाज येत राहिला, बराच वेळ. केतकीच्या आईनं चहा आणला, कुणी घेतला नाही. मी निघाले तशी केतकी मला रिक्षापर्यंत सोडायला आली. मला वाटत होतं, ती रागवेल, रागवावी. मी तिला म्हटलं, ‘माझं चुकलं गं. मला माफ कर.’ तिनं मान हलवली. ती माफी होती की नुसती मान, मला कळलं नाही.

रिक्षात बसताना तिनं विचारलं, ‘काकू, तुमाला हे कधी कळलं?’

मी म्हटलं, ‘अलीकडेच.’

ती म्हणाली, ‘मग ठीक हाय,’ आणि पहिल्यांदाच थोडी हसली.

या अंकासाठी दुकानाच्या आठवणी लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मला रिसॉर्टवाल्याची आणि उटण्याची गंमत लिहायची होती. पण लिहायला बसले आणि ‘अलीकडेच’ पुढे सरकू देईना. अंक निघाला की एक प्रत शिळफाट्याला पाठवणार आहे. केतकी, अलीकडे नाही गं. पाच वर्षं झाली होती.